साका, कलम आणि वारशाचा हिशेब

हापूस कापला आणि आत पांढरट, आंबूस साका निघाला की बागायतदार कपाळाला हात लावतो. मग कोणीतरी हमखास म्हणतं, ज्या झाडाला साका कमी, त्याचीच कलमं बांधत गेलं तर? प्रश्न रास्त आहे. भाताचं बियाणं राखताना कोकणातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. हापूसला मात्र ही युक्ती फारशी लागू पडत नाही.

याचं मूळ १८८६ सालच्या एका मोजणीत सापडतं. इंग्लंडचे संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंच्या ताडून पाहिल्या. उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच निघाली, पण आईबापांइतकी नाहीत. आईबाप सरासरीच्या जितके वर, त्याच्या साधारण दोन तृतीयांशच मुलं वर होती. फरक पुढे जातो, पण सगळा जात नाही.

न जाणारा भाग काय असतो, ते डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावर दाखवलं. एकाच दाण्यापासून वाढवलेल्या वाणातले जड दाणे वेगळे पेरले, हलके वेगळे. पुढच्या पिढीत दोन्हींची सरासरी सारखीच! वजनातला फरक खरा होता, पण तो माती-पाण्याने दिलेला.

हापूसची बाग म्हणजे हाच घेवडा. बाठ्यातून उगवलेल्या रायवळीत झाडागणिक चव वेगळी, रस वेगळा, धागा वेगळा. कलम मात्र मूळ झाडाचीच फांदी, नुसती दुसऱ्या खुंटावर बसवलेली. देवगडचा भारी की रत्नागिरीचा, यावरून जेवणाच्या पंगतीत भांडणं होतात. थोडेफार बदल सोडले, तर दोन्हीकडे झाड एकच आहे. वेगळे आहेत ते कातळ, वारा आणि मशागत. साक्याचंही तसंच. जमिनीची धग लागली की तो वाढतो, फळ पुरतं तयार व्हायच्या जरा आधी, चौदा आणे तयारीवर काढलं की कमी होतो.

इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये या फरकांची गणिती वाटणी केली : इतका वाटा जनुकांचा, इतका परिस्थितीचा. १९३० च्या दशकात अमेरिकेत आयोवाच्या जे लश यांनी हा हिशेब गुरांच्या पैदाशीत आणला. वारशाच्या या वाट्याला हेरिटेबिलिटी म्हणतात. समजा, निवडलेल्या झाडांची फळं सरासरीपेक्षा १०० ग्रॅम जड आहेत आणि वाटा ०.३ आहे, तर त्यांच्या रोपांकडून ३० ग्रॅमचीच आशा धरायची. हा आकडा गुणधर्माच्या अंगाला चिकटलेला नसतो, ही गोष्ट शिकलेली माणसंही विसरतात. तो त्या जागच्या, त्या वेळच्या समूहाचा असतो. एकाच जातीच्या कलमांच्या बागेत तो जवळपास शून्य.

फरक शिल्लक असला की निवडायला माणूसही लागत नाही. रायगडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, बांध फुटून किंवा उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) भरतीचं पाणी शेतात शिरलं की बरंचसं भात जळतं. जे तग धरतं, त्याचंच बी पुढच्या वर्षाला उरतं. खाऱ्या जमिनीतला काळा राता आज भातसंशोधनात क्षार सोसणारा वाण म्हणून ओळखला जातो. माझ्या मते त्याच्या श्रेयात खाडीचाही वाटा धरायला हवा. आणि निवड नेहमी एकाच दिशेने ओढते असंही नाही. वरच्या, लवकर सुकणाऱ्या जमिनीत लवकर तयार होणारं हळवं भात टिकतं, खोलगट पाणथळीत उशिरा येणारं गरवं. जमीनच दोन तऱ्हांची असल्याने दोन्ही राहिली.

साक्यावर इलाज शोधताना वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला म्हणूनच फरक बाहेरून आणावा लागला. दक्षिणेतल्या नीलमशी हापूसचा संकर करून १९८१ मध्ये रत्ना ही जात दिली गेली. तिच्यात साका नाही, आणि ती दरवर्षी धरते. तिचीही आता कलमंच बांधतात.