फिचिनोचं पत्र आणि बोत्तिचेल्लीची व्हीनस

प्रबोधनकाळातल्या इटालियन चित्रांविषयी लिहिताना ‘नवप्लेटोवाद’ (प्लेटोच्या विचारांची पुढे झालेली मांडणी) हा शब्द कोथिंबिरीसारखा वरून भुरभुरला जातो. प्रेमाची रोमन देवी व्हीनस विवस्त्र दिसली की लागलीच ‘दिव्य सौंदर्याचं प्रतीक’. हा संबंध खोटा नाही, पण तो जुळला कसा आणि जुळवला कोणी, हे वेगवेगळं पाहायला हवं.

मूळ विचार 3ऱ्या शतकातल्या प्लोटायनस या तत्त्वज्ञाचा. सूर्यातून प्रकाश पसरावा तसं परम ‘एका’तून आधी बुद्धितत्त्व, मग आत्मा आणि अखेर जड जग उतरत जातं, सुंदर देह पाहून हेलावलेला जीव त्याच वाटेनं परत वर चढू शकतो. (आपल्या वाचकाला इथे उपनिषदं आठवतील. भारतीय तत्त्वज्ञान समजून घ्यायचं म्हणून प्लोटायनस सम्राट गॉर्डियनच्या पर्शियावरच्या मोहिमेत सामील झाला होता. सम्राट मेला, आणि हा कसाबसा जीव वाचवून अँटिऑकला पोचला.) चित्रकारांच्या दृष्टीनं मोलाची गोष्ट वेगळीच होती. ‘रिपब्लिक’ या ग्रंथातल्या प्लेटोच्या लेखी वस्तू ही मूळ कल्पनेची नक्कल, आणि चित्र म्हणजे त्या नकलेची नक्कल. प्लोटायनस म्हणतो, ग्रीक शिल्पकार फिडियसनं देवांचा राजा झ्यूसची मूर्ती कुणा माणसाला समोर बसवून घडवली नाही. झ्यूसला आपल्यापुढे प्रकट व्हावंसं वाटलं तर तो कसा दिसेल, हे त्यानं मनात पाहिलं. कलावंताची एवढी मोठी वकिली तोवर क्वचितच कुणी केली असेल.

मध्ययुगात पश्चिम युरोपाला हे विचार बहुतेक ऑगस्टीनसारख्या ख्रिस्ती धर्मपंडितांच्या ओंजळीनंच प्यावे लागले. 1439 मध्ये पूर्व आणि पश्चिमेच्या चर्चची परिषद फ्लॉरेन्सला भरली. तिच्यासाठी आलेल्या प्लेथॉन या वृद्ध ग्रीक पंडिताच्या प्लेटोवरच्या बोलण्यानं फ्लॉरेन्सची सूत्रं हाती असलेला सावकार कोझिमो द मेदिची भारावला, असं पुढे फिचिनोनंच लिहून ठेवलं. हा मार्सिलिओ फिचिनो वैद्याचा मुलगा. कोझिमोनं त्याला 1462 च्या सुमारास ग्रीक हस्तलिखितं दिली, कारेज्जीजवळ घर दिलं आणि भाषांतराला बसवलं. मध्येच हर्मिस या दंतकथेतल्या ज्ञानी पुरुषाच्या नावावरची पोथी हाती आली, तेव्हा ‘प्लेटो राहू दे, आधी हे कर’ असा हुकूम सुटला. म्हाताऱ्या कोझिमोला आपल्या हातात फार दिवस नाहीत हे कळलं असावं. 1464 मध्ये तो गेला. समग्र प्लेटो लॅटिनमध्ये छापून यायला 1484 उजाडलं, प्लोटायनसला 1492. या मंडळींची ‘प्लेटो अकादमी’ म्हणजे रीतसर संस्था होती, असं आता फारसं कुणी मानत नाही.

चित्रकार या पोथ्या वाचत बसले नव्हते. विचार पोचले असतील तर ते चित्रं करवून घेणाऱ्यांमार्फत. इथेच ते प्रसिद्ध पत्र येतं. 1477-78 च्या सुमारास फिचिनोनं कोझिमोच्या घराण्यातल्याच लोरेन्झो दि पिएरफ्रान्चेस्को या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला लिहिलं : व्हीनस म्हणजे माणुसकी, स्वर्गात जन्मलेली रूपवती, तिच्यावर नजर ठेव. पुढे चारेक वर्षांत फ्लॉरेन्सचा चित्रकार बोत्तिचेल्ली यानं ‘प्रिमावेरा’ (म्हणजे ‘वसंत’) रंगवलं, आणि ते याच लोरेन्झोच्या घरी होतं.

चित्र उजवीकडून वाचायचं. निळसर वारा झेफिर क्लोरिस या वनदेवतेला धरू पाहतोय, तिच्या तोंडातून फुलं गळतायत आणि शेजारीच ती फुलांची देवी फ्लोरा होऊन फुलं उधळत चाललीय. मध्ये, जराशी मागे, पूर्ण वस्त्रांतली व्हीनस. डोक्यावर डोळे बांधलेला प्रेमदेव क्यूपिड, त्याचा नेम नाचणाऱ्या ग्रेसेस या तिघी सौंदर्यदेवतांवर. अगदी डावीकडे सगळ्यांकडे पाठ करून देवांचा दूत मर्क्युरी काठीनं ढगाचे पुंजके हटवतोय. वासना खाली उतरते, प्रेमात पालटते आणि चिंतन होऊन आकाशाकडे वळते, असा अर्थ लावायचा मोह कुणालाही होईल.

तसा तो झालाही, पण 20व्या शतकात. 1893 मध्ये कलेतिहासकार आबी वारबुर्गनं या चित्राची मुळं प्राचीन रोमन कवी ओव्हिड आणि फ्लॉरेन्सचा कवी पोलित्सियानो यांच्या कवितेत शोधली होती. फिचिनोचं पत्र चित्राशी जोडलं ते गोम्ब्रिच या दुसऱ्या कलेतिहासकारानं, 1945 मध्ये; एडगर विंडनं 1958 मध्ये त्यावर अवरोह-आरोहाची सगळी मांडणी उभारली. कलेतिहासकार पॅनोफ्स्कीनं 1939 मध्येच व्हेनिसचा चित्रकार टिशियन याच्या दोन स्त्रियांच्या चित्रात फिचिनोच्या दोन व्हीनस, एक स्वर्गीय आणि एक ऐहिक, ओळखल्या होत्या, त्यातही विवस्त्र ती स्वर्गीय! ते चित्र एका व्हेनिसी अधिकाऱ्याच्या लग्नानिमित्त केलेलं, हे चित्रातच रंगवलेल्या कुलचिन्हांवरून आज सांगतात.

मला विंडचं वाचन देखणं वाटतं. पुरावा मात्र त्या एका पत्रावर फार ताणला आहे. ‘प्रिमावेरा’ शहराबाहेरच्या कास्तेल्लोच्या वाड्यासाठी केलं, असं 16व्या शतकातला चित्रकार-चरित्रकार वासारी याच्या लिखाणामुळे शतकानुशतकं धरून चालले होते. 1975 मध्ये 1499 ची घरसामानाची यादी छापून आली, तेव्हा ते शहरातल्या घरात, लोरेन्झोच्या शयनगृहालगतच्या खोलीत, पाठ असलेल्या एका बाकाच्या वर टांगलेलं होतं हे कळलं. यादी करणाऱ्या कारकुनानं ना व्हीनसचं नाव घेतलंय, ना वसंताचं. त्यानं टिपलंय : लाकडी चित्र, त्यात नऊ आकृत्या, बायका आणि पुरुष. किंमत 100 लिरा.