पार्श्वभूमी : पार्किन्सन्सचा माग आतड्यापर्यंत कसा पोहोचला

पार्किन्सन्स म्हटलं की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. पण ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांच्याशी बोलून पाहा. 'पोट साफ होत नाही' ही तक्रार बऱ्याचदा हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधीची असते. आतड्यातले जिवाणू मेंदूच्या आजारांना हातभार लावतात का, यावर आज बरंच लिहिलं जातं. हा प्रश्न निघाला कुठून, ते समजून घ्यायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला. आधाराला होते सहा रुग्ण, त्यातले काही तर फक्त रस्त्यात पाहिलेले. कंप, वाकलेली पाठ, पळल्यासारखी चाल हे सगळं त्यांनी टिपलंच, शिवाय आतडी पहिल्यापासून मंदावलेली असतात आणि पुढे जालीम रेचकं द्यावी लागतात, हेही लिहून ठेवलं. म्हणजे पोटाची तक्रार पहिल्याच वर्णनात होती. पुढच्या पिढ्यांनी मात्र तिला किरकोळ मानलं.

1912 साली दुसरा दुवा हाती आला. जर्मनीत फ्रिडरिश लेव्ही यांना मृत रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींमध्ये प्रथिनांचे गोळे दिसले. ते दिसले त्या जागांपैकी एक होती व्हेगस या मज्जातंतूचं मेंदूतलं केंद्र. मेंदूच्या बुडापासून जठर-आतड्यापर्यंत जाणारी हीच ती नस. पण 1919 साली ट्रेटियाकॉफ यांनी मेंदूतल्या काळसर भागातली, म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रातली, हानी दाखवली. पुढे तिथल्या पेशी डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवतात हे कळलं, मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या लेव्होडोपा या औषधाने रुग्णांना खरोखर आराम पडू लागला आणि सगळं लक्ष तिकडे गेलं. ते स्वाभाविकच होतं, तरी व्हेगसचा धागा त्यात सुटला, याची हळहळ वाटते.

तो पुन्हा सापडला तो हृदयरोगाच्या अभ्यासातून. हवाईतल्या होनोलुलूत जपानी वंशाच्या पुरुषांची पाहणी 1965 पासून चालू होती. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना एक साधा प्रश्न विचारला होता : दिवसातून किती वेळा शौचाला होतं? 2001 साली 6,790 जणांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. रोज एकदाही शौचाला न होणाऱ्यांना पुढे पार्किन्सन्स होण्याचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या 2.7 पट निघालं. बद्धकोष्ठता असलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो, असा याचा अर्थ नाही. बहुतेकांना तो होत नाही.

दरम्यान 1997 साली लेव्हींचे ते गोळे मुख्यतः अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचे असल्याचं कळलं होतं. 2003 साली जर्मनीतले हायको ब्राक यांनी शवविच्छेदनांवरून मांडलं की हे बिघडलेलं प्रथिन टप्प्याटप्प्याने वर चढतं, आणि सुरुवात कदाचित आतड्यात होऊन ते व्हेगसमार्गे मेंदूत येतं. पूर्वी पोटातल्या अल्सरसाठी व्हेगस कापत असत. 2015 साली डेन्मार्कच्या नोंदींत, पूर्ण व्हेगस कापलेल्यांना पुढे पार्किन्सन्स काहीसा कमी झालेला दिसला. मात्र हा पुरावा निर्विवाद नाही.

जिवाणू या गोष्टीत आले ते इथे. 2015 साली हेलसिंकीच्या फिलिप शेपेरयान्स यांनी 72 रुग्णांच्या आणि तितक्याच निरोगी लोकांच्या शौचाचे नमुने तपासले. रुग्णांमध्ये प्रेव्होटेलासी कुळातले जिवाणू सरासरी 77.6 टक्क्यांनी कमी होते. पण हे कारण की परिणाम? बद्धकोष्ठतेने आणि औषधांनीही जिवाणू बदलतातच. 2016 साली अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठात सार्किस माझमानियन यांच्या गटाने अल्फा-सिन्युक्लीन जास्त बनवणारे उंदीर जंतुविरहित वातावरणात वाढवले, तेव्हा त्यांच्या हालचाली बऱ्याच चांगल्या राहिल्या. त्यांच्या आतड्यात रुग्णांचे जिवाणू सोडले, तेव्हा निरोगी माणसांच्या जिवाणूंपेक्षा जास्त बिघाड झाला. प्रयोग देखणा आहे, पण तो उंदरांवरचा आहे हे विसरून चालणार नाही.

रुग्णाच्या रोजच्या गोळीशी थेट संबंध असलेला शोध 2019चा. एन्टरोकॉकस फीकॅलिस हा आतड्यातला जिवाणू लेव्होडोपाचं तिथेच डोपामिन करून टाकतो, आणि ते डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. गोळीसोबत कार्बिडोपा देतात ते हे रूपांतर मेंदूबाहेर शरीरात होऊ नये म्हणून, पण जिवाणूच्या विकरापुढे (एन्झाइमपुढे) कार्बिडोपाचं फारसं चालत नाही. एकाच मात्रेचा गुण दोघांना वेगवेगळा का येतो, याचं एक कारण इथे असू शकतं.

मग जिवाणूच बदलले तर? निरोगी दात्याच्या शौचातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या दोन चाचण्यांचे निकाल 2024 साली आले. बेल्जियममधल्या गेंटला वर्षभरानंतर हालचालींत थोडी सुधारणा आढळली, तर हेलसिंकीला फायदा दिसला नाही. एवढ्या पुराव्यावर पार्किन्सन्ससाठी प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, महागड्या बाटल्या विकणं मला रुग्णांवर अन्याय वाटतो.

डेन्मार्कचे पेर बोर्गहामर आता असं मांडतात की काहींचा आजार मेंदूबाहेर, आतड्यासारख्या भागात सुरू होतो आणि काहींचा मेंदूतच. तसं असेल तर एकच उपाय सगळ्यांना लागू पडणार नाही. शिवाय कंप दिसेपर्यंत डोपामिनच्या पुष्कळ पेशी गेलेल्या असतात. म्हणून संशोधकांचं लक्ष आता कंप सुरू न झालेल्या, पण स्वप्नात ओरडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या लोकांकडे वळलं आहे. झोपेच्या या विकारातल्या अनेकांना पुढे पार्किन्सन्स किंवा त्याच जातीचा आजार होतो, आणि रुग्णांच्या आतड्यात दिसलेले काही बदल त्यांच्यातही आढळले आहेत.