जुन्या मल्टिपर्पज सुतारकाम मशीनला रिपेअरवाला कसा शोधायचा

एकाच बॉडीवर करवत, रंधा, थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारा), ड्रिल, कधी कधी लेथ पण, असं जुनं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांचा आम्हाला नेहमी एकच प्रश्न असतो. कंपनी बंद झाली किंवा डीलर म्हणतो हे मॉडेल आता येत नाही, मग दाखवायचं कोणाला? त्यासाठी हे पत्रक काढलंय. मशीन आमच्याकडे आणा नाहीतर दुसऱ्या कोणाकडे न्या, पण आधी हे वाचा.

सगळ्यात आधी, "मल्टिपर्पज मशीनचा मेकॅनिक" शोधत बसू नका. असा माणूस फार कमी ठिकाणी मिळतो आणि त्याला शोधण्यात महिने जातात. मशीन तुकड्यांत बघायला शिका. मोटर हे मोटर वाइंडिंगवाल्याचं काम, मग ती लाकडाच्या मशीनची असो की पिठाच्या गिरणीची, त्याला फरक पडत नाही. बेअरिंग आणि बेल्ट तर दुकानात नंबरवर मिळतात. शाफ्ट झिजला, पुलीची की-वे (शाफ्टवर पुली घट्ट धरणाऱ्या चावीची खाच) गेली, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) ढिला झाला की टर्नरकडे जायचं, आणि ब्लेड नि रंध्याची पाती धारवाल्याकडे. खास त्या कंपनीचे म्हणावेत असे भाग मोजकेच असतात, गाईडचा क्लॅम्प, हँडल, टेबल वरखाली करायचा गिअर, फंक्शन बदलायचा लिव्हर वगैरे. खरी शोधाशोध तेवढ्यासाठीच.

आता बिघाड कुठे आहे ते आधी घरीच बघा, कारण या मशीनमध्ये एक सोय आहे जी साध्या मशीनमध्ये नसते. बऱ्याच मॉडेलमध्ये एकच मोटर सगळी कामं चालवते, म्हणून प्रत्येक फंक्शन एकदा चालवून बघा. करवत, रंधा, ड्रिल सगळीकडे तोच आवाज किंवा तीच कमी ताकद असेल तर दोष मोटर, स्विच नाहीतर मेन बेल्टमध्ये, आणि फक्त रंध्यावरच आवाज येत असेल तर मोटरला हात लावू नका, रंध्याच्या ब्लॉकची (पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याची) बेअरिंग बघा. (काही मॉडेलमध्ये दोन-तीन मोटर असतात, तिथे हा हिशोब वेगळा.) आमच्याकडे एक मशीन आलं होतं ज्याची मोटर दोनदा रिवाइंड झाली होती (आतली तार नव्याने गुंडाळली होती), आणि खरा दोष होता ब्लॉकच्या एका जाम बेअरिंगमध्ये, मोटर बिचारी लोड ओढून ओढून तापत होती. मालकाचे पैसे दोनदा गेले याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

सिंगल फेज मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि बेल्ट काढून धक्का दिला की चालू होते, असं असेल तर बहुतेक वेळा स्टार्ट कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) किंवा आतला सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग घेतला की तो जोर तोडणारा) गेलेला असतो, म्हणजे रिवाइंडिंगची गरजच नसते. पण हा धक्का शाफ्टच्या पुलीला लाकडी पट्टीनेच द्या, बोटाने नाही. आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो, डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका. स्विच बघताना गार्ड उघडला की मशीन बंद करणारे छोटे लिमिट स्विच पण तपासायला सांगा, भुसा अडकून तेच दगा देतात. ते कायमचे बायपास करून देतो असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

नंबर कसे वाचायचे ते थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्मं काम इथेच होतं. बेअरिंगच्या कडेवर ६२०४ असं लिहिलेलं असेल तर आतलं भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. ६२०५ म्हणजे २५, ५२, १५. पुढे झेडझेड असेल तर पत्र्याचं झाकण, २आरएस असेल तर रबर सील, आणि भुशाच्या मशीनला आम्ही रबर सीलच घालतो. नंबर पुसला असेल तर कॅलिपरने ही तीन मापं घ्या, दुकानदार नंबर काढून देतो. व्ही-बेल्टचं पण तसंच, ए सेक्शनची वरची रुंदी १३ मिमी, बी सेक्शनची १७. करवतीचं भोक मात्र नीट मोजा, ५/८ इंच म्हणजे १५.८८ मिमी होतं, त्यावर १६ मिमीची ब्लेड चढते खरी पण सैल बसते.

मशीन दुसऱ्या देशातून आलेलं असेल तर मोटरची प्लेट बघाच. ६० हर्ट्झची मोटर ५० वर चालवली की स्पीड सुमारे एक षष्ठांश कमी होतो, शिवाय व्होल्टेज जुळत नसेल तर मोटर तापते. अशा वेळी त्याच एचपीची इथली मोटर बसवून पुली बदलणं जास्त सरळ पडतं. बोल्टचं पण बघा, जुन्या मशीनवर इंची आटे असतात आणि त्यातही व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, अमेरिकनचा ६०. अर्धा इंचात तर एकाला इंचाला १२ आटे, दुसऱ्याला १३, जोर लावून बसवला की कास्टिंगमधले आटे गेलेच.

शॉपस्मिथ या अमेरिकन मल्टिपर्पज मशीनसारखं मशीन असेल, १९४७ च्या सुमारास बाजारात आलेलं हे घराणं, तर त्यातल्या मार्क फाइव्ह मॉडेलला स्पीड डायल असतो, साधारण ७०० ते ५२०० आरपीएम. हा डायल मोटर चालू असतानाच फिरवायचा, बंद असताना जोर लावला की आतलं काम बिघडतं, आणि रिपेअरवाल्याला पण हे आधी सांगून ठेवा कारण नवीन माणूस पहिला तोच फिरवून बघतो.

तुटलेलं कास्टिंग कोणत्याही वेल्डरला देऊ नका. बीड (कास्ट आयर्न) असेल तर निकेल रॉड, आधी गरम करणं आणि सावकाश थंड करणं लागतं, नाहीतर शेजारीच नवीन तडा जातो. झिंक अलॉयचा भाग असेल तर वेल्डिंगचा नाद सोडून टर्नरकडून अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टीलमध्ये नवीन बनवून घ्या. तुटलेले तुकडे फेकू मात्र नका, त्यावरूनच माप निघतं. खास भागासाठी त्याच मॉडेलचं बंद पडलेलं मशीन मिळालं तर अख्खं घेऊन ठेवा, आणि जिथे सुतारकाम शिकवतात अशा ट्रेनिंग स्कूलच्या जुन्या इन्स्ट्रक्टरना विचारा, त्यांनी ही मशीन वर्षानुवर्षं खोललेली असतात.

एक मशीन आम्ही आहे तसं दुरुस्त करत नाही, चौकोनी कटर ब्लॉकचा रंधा. त्यात बोट गेलं तर खोल ओढलं जातं. गोल ब्लॉक बसत असेल तर बदलून देतो, नसेल तर रंधा बंद ठेवून बाकीची फंक्शन चालू करून देतो.

आमच्याकडे यायच्या आधी मोटरच्या प्लेटचा फोटो, मशीनच्या नेमप्लेटचा फोटो, आणि बिघाडाचा आवाज येणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, बेल्ट लावून एक आणि बेल्ट काढून एक. एवढ्यावरून बरेचदा सांगता येतं की अख्खं मशीन उचलून आणायचं की नुसती मोटर काढून आणली तरी चालेल.