दही की मटकी?

गंगापूर रोडला रविवारची मिसळ खायला गेलो की आमचे शेजारचे काका, शुगर निघून चार वर्षं झालीत त्यांना, हमखास एक्स्ट्रा दही मागवतात आणि वर आपल्यालाच सुनावतात, "प्रोबायोटिक आहे रे, म्हणजे चांगले जिवंत बॅक्टेरिया, शुगर खाली येते." म्हटलं काका दही खा खुशाल, पण खरा माल खाली बसलेल्या मटकीत आहे.

कसं ते बघा. मटकीतला बराचसा फायबर आपल्याला पचतच नाही, तो तसाच मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले बॅक्टेरिया तो आंबवतात, रात्रभर इडलीचं पीठ फुगतं ना अगदी तसं. त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट, अ‍ॅसिटेट अशी छोटी आम्लं निघतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचं जेवण, आणि या आम्लांमुळे आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतात, ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं आणि भूकही आवरतं. हल्ली वजनासाठी जी महागडी इंजेक्शनं गाजतायत ती याच हार्मोनची नक्कल (अर्थात मटकीला इंजेक्शनाचा जोर नाही, तेवढी आशा नको).

मग दही? विरजण दुधात लागतं कारण उकळलेल्या दुधात आधीचं कोणी उरलेलं नसतं. आपल्या अंगात मात्र साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया आधीच ठाण मांडून बसलेत, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, त्यामुळे दह्यातले किंवा कॅप्सूलमधले बरेचसे पाहुण्यासारखे येतात नि जातात. प्रोबायोटिकच्या काही चाचण्यांत उपाशीपोटीची शुगर थोडी उतरलेली दिसते, काहींत काहीच नाही.

आख्खी वस्तीच बदलली तर? २०१२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी बारीक माणसांची विष्ठा (हो, तीच) प्रक्रिया करून जाड माणसांच्या आतड्यात सोडली, तर सहा आठवड्यांत त्यांचं शरीर इन्शुलिनला जास्त दाद द्यायला लागलं. पुढच्या अभ्यासात १८ आठवड्यांनी तो फरक राहिला नाही, जुनी वस्ती परत आली. काकांनी चमचा खाली ठेवला, "खाताना सांगायची गोष्ट आहे का ही?"

गंमत म्हणजे काका रोज घेतात ती शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, तीसुद्धा आतड्यातली वस्ती बदलते, २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात असं निघालं की डायबेटिसमुळे झालेला वाटणारा बराच बदल प्रत्यक्षात या गोळीचा होता. पण म्हणून ती मनाने बंद करायची नाही हे काकांना दोनदा बजावलं.

त्यांनी मात्र उत्साहात एका पावाला काट मारून दोन वाट्या उसळ जास्तीची घेतली. फायबर एकदम वाढवलं की आंबताना गॅसही तेवढाच निघतो, हे सांगायचं राहिलं, ते त्यांना सोमवारी कळलं.