क्लिनिकल सुपरव्हिजन

समुपदेशक, सायकोथेरपिस्ट किंवा सोशल वर्करने आपल्या चालू केसेस घेऊन ठरलेल्या वेळी एखाद्या अनुभवी माणसाजवळ बसायचं आणि क्लायंट काय म्हणाला, आपण काय बोललो, तेव्हा आपल्याला आतून काय होत होतं हे सगळं उलगडून बघायचं, याला क्लिनिकल सुपरव्हिजन म्हणतात. आपल्याकडे सुपरव्हिजन म्हटलं की परीक्षेची ड्युटी नाहीतर अंगणवाडीच्या सुपरव्हायझर बाई आठवतात, त्यामुळे नव्या माणसाला आधी वाटतं की आपलं काहीतरी चुकलंय म्हणूनच बोलावलंय.

तसं वाटण्यात थोडं तथ्यही आहे. सोशल वर्कमधली ही पद्धत आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांमधून, तिथे गरीब घरांना भेटी देणाऱ्या स्वयंसेवकांवर पगारी माणसं लक्ष ठेवायची, म्हणजे मुळात देखरेखच. थेरपीवाल्यांचा उगम वेगळा. 1920 मध्ये बर्लिनला मॅक्स आयटिंगॉन वगैरे मंडळींनी मनोविश्लेषणाचा दवाखाना काढला आणि तिथे शिकणाऱ्याने ज्येष्ठाच्या नजरेखाली पेशंट घ्यायचे हा प्रशिक्षणाचा भागच झाला. बुडापेस्टचे मनोविश्लेषक म्हणत की शिकणारा ज्याच्याकडे स्वतःचं मनोविश्लेषण करून घेतो त्यानेच त्याची पहिली केस बघावी, बर्लिनवाले म्हणत की माणूस वेगळा हवा. पुढे बर्लिनचीच पद्धत जास्त चालली.

सोशल वर्कचा अमेरिकन प्राध्यापक आल्फ्रेड काडुशिनने 1976 मध्ये सोशल वर्कमधल्या सुपरव्हिजनची तीन कामं मांडली, प्रशासन, शिकवणं आणि आधार देणं. कागदावर छान दिसतं, पण एनजीओमध्ये ही तिन्ही कामं बहुतेक एकाच माणसाकडे असतात आणि तोच तुमचं अप्रेझलही लिहितो, मग 'मला त्या क्लायंटचा राग येतो' हे त्याच्यासमोर कोण बोलणार? शिवाय अर्धा वेळ फंडरच्या रिपोर्टमध्येच जातो. म्हणून शक्य असेल तिथे बॉस आणि क्लिनिकल सुपरव्हायझर वेगळे ठेवलेलेच बरे.

या सगळ्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पॅरलल प्रोसेस. अमेरिकन मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्सने 1955 मध्ये लिहिलं होतं की पेशंट आणि थेरपिस्टमध्ये जे चाललंय तेच नकळत थेरपिस्ट आणि सुपरव्हायझरमध्ये उमटतं. म्हणजे समजा क्लायंट दर सेशनला 'ताई, तुम्हीच सांगा मी काय करू' म्हणते आणि ताई सुपरव्हिजनला येऊन म्हणतात 'मॅडम, तुम्हीच सांगा हिचं काय करू', आणि मॅडमपण एरवी कधी देत नाहीत तसे भराभर सल्ले द्यायला लागतात. चांगली सुपरव्हायझर इथे थांबते आणि विचारते, आत्ता आपल्या दोघींत हे काय झालं? क्लायंटची असहायता खोलीत आलेली असते, आणि ती पकडता आली की केस सुटायला लागते.

महाराष्ट्रात याची ओळख होते ती बहुतेक एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे सोशल वर्कमधल्या मास्टर्सच्या, फिल्डवर्कमध्ये. 1936 मध्ये मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा स्कूल सुरू झालं, म्हणजे आजचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), तेव्हापासून आपल्याकडे सोशल वर्कचं औपचारिक शिक्षण आहे. मुलं फिल्डवर जातात, रेकॉर्डिंग लिहितात, इथे रेकॉर्डिंग म्हणजे टेप नव्हे तर कोण काय बोललं याचा लेखी अहवाल, आणि मग सरांबरोबर एकट्याची आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) आणि सगळ्या ग्रुपची जीसी (ग्रुप कॉन्फरन्स) होते. आदल्या रात्री जागून चार भेटींचं रेकॉर्डिंग पाडणं हा प्रकार सर्वपरिचित आहे. डिग्री मिळाली की मात्र बऱ्याच जणांचं हे सगळं बंदच होतं. ब्रिटनमध्ये बीएसीपी या समुपदेशकांच्या संघटनेने प्रॅक्टिस करणाऱ्या सभासदांना महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन सांगितलंय, मग वीस वर्षं प्रॅक्टिस झालेली असली तरी.

सुपरव्हिजन म्हणजे थेरपिस्टची थेरपी नव्हे. आईच्या आजारपणामुळे तुम्हाला एखाद्या क्लायंटसमोर बसवत नसेल तर कामावर काय परिणाम होतोय तेवढंच इथे बोलायचं, बाकीच्यासाठी दुसरीकडे जायचं. आणि आपली केस नाव-गाव झाकून सुपरव्हायझरशी बोलली जाते हे क्लायंटला सुरुवातीलाच सांगायचं असतं. खाजगी प्रॅक्टिसमध्ये सुपरव्हायझरची फी थेरपिस्ट स्वतःच भरतो, आणि नवीन असताना ती जड जाते, म्हणून तीन-चार जण मिळून ग्रुपमध्ये घेतात नाहीतर एकमेकांच्याच केसेस बघतात.