इंग्लंडच्या नदीवर सॅमन धरायचा असेल तर: नाशिकहून जाणाऱ्यांसाठी परवाना, परवानगी आणि कागदपत्रे

मुलाबाळांकडे इंग्लंडला दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या नाशिककरांपैकी ज्यांना गळ टाकायचा नाद आहे, त्यांना तिथल्या नदीकाठी गेल्यावर सॅमनची ओढ लागणे स्वाभाविक आहे. मात्र गंगेवर (गोदावरीला आपण घरात गंगाच म्हणतो) कणकेचा गोळा लावून तासन् तास बसण्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही. मासा वेगळा आहे आणि कायदाही वेगळा आहे. बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळणारा रावस हा समुद्री मासा असून त्याचा या सॅमनशी नात्याचाही संबंध नाही. या लेखात अटलांटिक सॅमनबद्दल माहिती दिली आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परततो.

प्रथम व्हिसासंबंधी थोडक्यात. छंद म्हणून मासेमारी करण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. नातेवाइकांना भेटण्यासाठी काढलेल्या साध्या अभ्यागत व्हिसावर, जो साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी मिळतो, करमणुकीच्या गोष्टी करता येतात. ऑनलाइन अर्ज भरल्यानंतर बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रावर जावे लागते. पासपोर्ट, बँकेचे खातेउतारे, निवृत्तिवेतनाचा किंवा उत्पन्नाचा पुरावा आणि यजमानाचे निमंत्रणपत्र ही कागदपत्रे बहुतेकांना ठाऊक असतात.

खरा प्रश्न काठीच्या परवान्याचा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये गोड्या पाण्यात काठी आणि गळाने सॅमन, ट्राउट किंवा अन्य मासे धरणाऱ्या, तेरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक व्यक्तीकडे परवाना असणे कायद्याने बंधनकारक आहे, मग ती व्यक्ती तिथली रहिवासी असो वा पाहुणी. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना तो विनामूल्य मिळतो, पण काढावा लागतोच. त्यामुळे आजोबांसोबत नातूही काठी धरणार असेल तर त्याचे वय आधी पाहावे. विनापरवाना सापडल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

परवान्याचे प्रकार समजून न घेतल्यामुळे सर्वाधिक चुका होतात. ट्राउट व इतर गोड्या पाण्यातील माशांचा परवाना स्वस्त असतो आणि घाईत तोच काढला जातो, परंतु त्यावर सॅमन धरता येत नाही. सॅमन आणि समुद्री ट्राउटसाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. वर्षभरासाठी त्याचे शुल्क स्वस्त परवान्याच्या दुपटीहून अधिक पडते आणि सॅमन धरताना त्यावर एकच काठी वापरता येते. हा परवाना असला की इतर गोड्या पाण्यातील माशांसाठी दुसरा काढावा लागत नाही. मुदत एक दिवस, सलग आठ दिवस किंवा बारा महिने अशी निवडता येते. ज्येष्ठांची सवलत फक्त बारा महिन्यांच्या परवान्यावर मिळते. तेव्हा पाहुण्याने आठ दिवसांचे पूर्ण शुल्क आणि वर्षाचे सवलतीचे शुल्क यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा. शुल्क वेळोवेळी बदलत असल्याने ते अर्जाच्या दिवशीच पाहणे योग्य.

अर्ज ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचा असतो. नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल आणि परवाना सुरू होण्याची तारीख एवढीच माहिती द्यायची असून पासपोर्टची प्रत किंवा फोटो जोडावा लागत नाही. पत्ता आणि पोस्टकोड यजमानाच्या घराचा जवळ ठेवावा. पैसे कार्डाने भरायचे असतात. भारतीय कार्ड वापरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच सुरू करून घ्यावेत, आणि ओटीपी ज्या क्रमांकावर येतो ते सिमकार्ड नाशिकच्या कपाटात राहिलेले नाही याची खात्री करावी. (माझे राहिले होते. अखेर जावयांच्या कार्डाने काम भागले.) जास्त पैसे घेऊन हाच परवाना विकणारी बनावट संकेतस्थळेही असतात, म्हणून शोधयंत्रात सर्वांत वर आलेल्या जाहिरातीवर बोट ठेवू नये. परवान्याचा क्रमांक ईमेलवर येतो. तो मोबाइलमध्ये जपून ठेवावा, कारण नदीवर येणारा तपासनीस तोच मागतो.

परवाना मिळाला म्हणजे नदीवर बसण्याचा हक्क मिळाला, असा समज मात्र करून घेऊ नये. आपल्याकडे तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्याचप्रमाणे तिकडे नदीच्या प्रत्येक पट्ट्याचा मासेमारीचा हक्क कोणाच्या तरी मालकीचा असतो, मग तो जमीनमालक असेल, क्लब असेल किंवा एखादे हॉटेल. त्यांच्याकडून दिवसाचे तिकीट घ्यावे लागते आणि चांगल्या पट्ट्यांची तिकिटे हंगामाच्या कितीतरी आधी संपतात. माझ्या मते विमानाचे तिकीट काढण्याआधी हे तिकीट पाहावे. हंगाम नदीनुसार बदलतो. उदाहरणार्थ न्यूकॅसलवरून वाहणाऱ्या टाइन नदीवर तो 1 फेब्रुवारी ते 31 ऑक्टोबर असा असतो. याच नदीच्या वरच्या अंगाला कील्डर धरण बांधताना सॅमनच्या अंडी घालण्याच्या जागा तुटणार होत्या, म्हणून भरपाईदाखल तिथे सॅमनचे बीज तयार करणारे केंद्र उभारण्यात आले. धरणांच्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसाने ते आवर्जून पाहावे.

स्कॉटलंडला जाणार असाल तर गणित उलटे होते. तिथे सरकारी परवाना नाही, पण मालकाची लेखी परवानगी नसताना सॅमनसाठी काठी टाकणे हा गुन्हा आहे आणि रविवारी सॅमनची मासेमारी पूर्ण बंद असते. ट्वीड नदीचा काही भाग इंग्लंडमध्ये असूनही तिला इंग्लंडचा परवाना लागत नाही. याउलट बॉर्डर एस्कचा काही भाग स्कॉटलंडमध्ये असूनही तिला तो लागतो. स्कॉटलंडच्याच टे नदीत 7 ऑक्टोबर 1922 रोजी जॉर्जिना बॅलंटाइन यांनी 64 पौंडांचा, म्हणजे सुमारे 29 किलोंचा सॅमन धरला, आणि ब्रिटनमधील तो विक्रम आजही मोडलेला नाही.

मासा घरी नेता येईल का, हा नाशिकमधून हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच आहे. इंग्लंडमध्ये 16 जूनपूर्वी धरलेला प्रत्येक सॅमन लगेच पाण्यात सोडावा लागतो आणि त्या तारखेपर्यंत गांडुळासारखे जिवंत आमिषही चालत नाही, केवळ पिसांची माशी किंवा कृत्रिम आमिष चालते. अनेक नद्यांवर तर संपूर्ण हंगामात मासा सोडावाच लागतो. वेल्समध्ये 2020 पासून सर्वच नद्यांवर हा नियम आहे. काठीने धरलेला सॅमन विकण्यास इंग्लंड आणि वेल्समध्ये 2009 पासून बंदी आहे. कारण उघड आहे: ब्रिटनमधील सॅमनची गणना 2023 पासून संकटग्रस्त प्रजातींत होते.

सामानाविषयी दोन गोष्टी. आपण दोरीला लावतो ती शिशाची लहान वजने तिथे 1987 पासून बंद आहेत, तेव्हा ती घरीच ठेवावीत. इथल्या पाण्यात वापरलेली काठी, रीळ, जाळी आणि बूट धुऊन पूर्ण वाळवूनच न्यावेत, कारण ओल्या सामानातून परक्या पाण्यातील परजीवी तिथल्या नदीत जाऊ शकतात. अनेक क्लब गळाचा उलटा काटा नसावा असा आग्रह धरतात. त्यासाठी नवा गळ विकत घेण्याची गरज नाही. बारीक पकडीने काटा दाबला आणि गळ सुती कापडातून ओढून पाहिला की काम होते. कापड अडकले तर आणखी दाबावा.

एवढे सगळे करूनही मासा लागेलच असे नाही, आणि त्याचे कारण नशिबात नसून माशाच्या स्वभावात आहे. समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन खाणे जवळजवळ थांबवतो आणि अंगावरच्या चरबीवर अंडी घालण्याच्या जागेपर्यंत जातो. ज्याला भूक नाही त्याला आमिष कसले दाखवायचे? तो माशीवर झडप घालतो ती चिडून किंवा जुन्या सवयीने, असे जाणकार सांगतात. त्यामुळे कमरेइतक्या थंड पाण्यात उभे राहून, बारा-पंधरा फुटांच्या काठीने तीच फेक पुन्हा पुन्हा करत आणि दर फेकीनंतर एक पाऊल खाली सरकत दिवस घालवावा लागतो. पाऊस पडून पाणी चढले आणि पुन्हा उतरू लागले की संधी वाढते. काठ कोरडे आणि पाणी नितळ असेल तर तिकीट घेतलेले असूनही काठावर चहा पिणे बरे.

शेवटची पायरी भारतात परतल्यावर बहुतेक जण विसरतात. सॅमनचा परवाना घेतलेल्या प्रत्येकाने त्या वर्षात कोणत्या नदीवर किती दिवस मासेमारी केली, किती मासे धरले आणि किती सोडले, याचे विवरण 1 जानेवारीपर्यंत ऑनलाइन भरणे बंधनकारक आहे. एकही मासा लागला नसला, किंवा परवाना काढूनही नदीवर जाणे झाले नसले, तरीही विवरण द्यावेच लागते. त्यासाठी परवान्याचा क्रमांक आणि पोस्टकोड लागतो, म्हणून तो ईमेल पुसून टाकू नये. मी माझे विवरण डिसेंबरमध्ये गंगापूर रोडवरच्या घरी बसून भरले. नदी टाइन, दिवस पाच, मासे शून्य.