स्पॅनिशमधला जर-तर

मृग कोरडा गेला की लातूर-बीडकडं एकच वाक्य ऐकू येतं: "पाऊस पडला असता, तर पेरलं असतं." बोलणारा आजचं बोलतोय की गेल्या सालचं, हे संदर्भावरून समजून घ्यायचं. स्पॅनिश माणूस इथं दोन रूपं वेगळी करतो. आजची गोष्ट असेल तर 'सेम्ब्रारीआ', हंगाम निघून गेला असेल तर 'अब्रीआ सेम्ब्रादो'.

यातलं पहिलं रूप शिकायला फार सोपं. 'सेम्ब्रार' म्हणजे पेरणे. हे मूळ रूप जसंच्या तसं ठेवायचं आणि पुढं शेपूट जोडायचं: मी पेरलं असतं, सेम्ब्रारीआ, तू, सेम्ब्रारीआस, तो किंवा ती, पुन्हा सेम्ब्रारीआ, आम्ही, सेम्ब्रारीआमोस, ते, सेम्ब्रारीआन. स्पेनमध्ये 'तुम्ही' साठी आणखी एक, सेम्ब्रारीआइस. लॅटिन अमेरिकेत ते चालत नाही. क्रियापद आर, एर, ईर यांपैकी कशानंही संपो, शेपटं हीच. 'मी' आणि 'तो' यांचं रूप एकच असल्यानं गोंधळ होईल तिथं सर्वनाम घालावं लागतं.

गंमत म्हणजे हे क्रियापद वर्तमानकाळात वाकडं चालतं: मी पेरतो, 'सिएम्ब्रो'. आघात धातूवर पडला की त्यातला 'ए' फुटून 'इए' होतो. जर-तरच्या रूपात आघात शेपटातल्या 'ई'वर जातो, म्हणून धातू शाबूत राहतो.

हे शेपूट आलं कुठून? लॅटिनमध्ये 'सेमिनारे हाबेबाम' असे दोन सुटे शब्द होते, अर्थ साधारण 'मला पेरायचं होतं'. बोलता बोलता 'हाबेबाम' झिजून 'ईआ' उरलं आणि क्रियापदाला चिकटलं. जुन्या स्पॅनिशमध्ये हा सांधा अजून उघडा होता, मधे सर्वनाम घालता येई. औपचारिक पोर्तुगीजमध्ये आजही 'दार-ते-ईआ' लिहितात, म्हणजे 'तुला दिलं असतं'.

याच रूपानं विनंतीही होते. 'मे आयुदारीआ?' म्हणजे 'मला मदत कराल का?' आपण त्यासाठी भविष्यकाळ वापरतो. 'तो म्हणाला, पाऊस येईल' इथंही आपला भविष्यकाळच. स्पॅनिशमध्ये मात्र 'म्हणाला' भूतकाळात गेलं की पुढं 'योवेरीआ' येतं.

मराठी माणूस अडखळतो तो 'जर'पाशी. आपण दोन्हीकडं 'असता-असतं' लावतो, म्हणून हात आपसूक 'सी योवेरीआ, सेम्ब्रारीआ' लिहून जातो. प्रमाण स्पॅनिशला 'जर'च्या बाजूला 'ईआ' खपत नाही; तिथं 'योव्येरा' हे वेगळंच रूप लागतं. उत्तर स्पेनमध्ये, बिल्बाओ-बुर्गोसच्या पट्ट्यात, जन्मापासून स्पॅनिश बोलणारी माणसंही दोन्हीकडं 'ईआ' लावतात. त्यांना कोणी परीक्षेला बसवत नाही. तुम्ही बसणार असाल तर 'योव्येरा'च लिहा.